घरी बारा जणांना वाढदिवसाचं नऊ कोर्सचं जेवण, एकट्याने जमेल का?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. वहिनींचा पस्तिसावा वाढदिवस, एप्रिलचा दुसरा शनिवार, जुळे सोलापुरातला टू बीएचके, तुम्ही दोघं धरून बारा माणसं, काही मित्र पुण्याहून येणारे, बारांत पाच शाकाहारी आणि त्यातला एक माळकरी. स्वयंपाक तुम्ही एकटे करणार, बाहेरून काही मागवायचं नाही, आणि नऊ कोर्स, हॉटेलात येतात तसे एकामागून एक प्लेट सजवून. कलिंगडाचा ज्यूस, ब्रोकोली सूप, चीज बॉल्स, चिकन टिक्का आणि पनीर टिक्का, सॉर्बे म्हणजे फळाच्या रसाचा बर्फ, व्हाइट सॉस पास्ता, मटण रस्सा आणि गरम भाकरी, मग बिर्याणी, शेवटी पन्ना कोटा (दूध-क्रीमचं गार जमवलेलं गोड) आणि केक. दोन बर्नरची शेगडी, एक इंडक्शन, एक ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, एक फ्रीज.

मोठं जेवण जमेल ओ, का नाही जमणार, पण हा मेनू नाही जमणार. मी सोलापुरात घरगुती पार्ट्यांचा स्वयंपाक बरीच वर्षं करते, आणि हौसेने स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांच्या किचनमध्ये मदतीलाही जाते, तिथे दर वेळी हेच बघते की पदार्थ सगळे छान झालेले असतात आणि यजमान साडेनऊला घामाने भिजून ओट्यापाशी उभा असतो, बाहेर त्याच्याच बायकोचा वाढदिवस चाललेला असतो आणि हा आपला चीज बॉल तळतोय.

म्हणून कोर्स किती ते मोजूच नका. मित्र बसल्यानंतर तुम्हाला गॅसपाशी उभं राहून काय काय करावं लागणार ते मोजा. पेन्सिल घ्या आणि मेनूतल्या ज्या ज्या पदार्थाला आयत्या वेळी विस्तव लागतो त्याच्यापुढे फुली मारा. चीज बॉल्स तळायचे, फुली. टिक्का, फुली. पास्ता, मोठी फुली, कारण व्हाइट सॉस दहा मिनिटं थांबला की घट्ट गोळा होतो, दूध घालून परत ढिला केला की पास्ता गिचका. गरम भाकरी, त्याला तर दोन फुल्या, एक थापायला माणूस आणि एक भाजायला. माझा हिशोब असा आहे की एकट्या माणसाने अख्ख्या संध्याकाळीत एक फुली घ्यावी, फार तर दोन, आणि त्या दोन एकापाठोपाठच्या कोर्सला येऊ देऊ नयेत. बाकी सगळं असं निवडायचं की ते गार खाल्लं जातं, किंवा झाकून ठेवलं तर थांबतं, किंवा नुसतं गरम केलं की झालं.

दुसरा हिशोब भांड्यांचा. बारा माणसं गुणिले नऊ कोर्स म्हणजे 108 प्लेटा, जपमाळच की. एवढ्या प्लेटा घरात कोणाकडे नसतात, म्हणजे मधे मधे धुवाव्या लागणार, आणि आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे तारीख पक्की करताना पाण्याचा दिवस कधी येतो ते बघून घ्या, हसू नका, मी सगळ्यात आधी हेच विचारते. टाकी भरलेली असेल तर अर्धं टेन्शन कमी.

तारखेवरून आठवलं. शनिवार म्हणालात. शनिवारी मटण न खाणारे आपल्याकडे भरपूर आहेत, जे सात जण मटण खातात म्हणून तुम्ही धरलेत त्यातले दोन-तीन तरी मारुतीचा वार पाळत असतील, एकेकाला फोन करून विचारा. एकादशी आणि चतुर्थीही कॅलेंडरवर बघा. माळकरी मित्राला वेगळं विचारायचं की कांदा-लसूण चालतो का, सगळ्या माळकऱ्यांचं सारखं नसतं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही, पन्ना कोटा जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढतात, तुमच्या पाच शाकाहारी माणसांना तो चालणार नाही. शिवाय जिलेटिन साधारण 35 अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतं, एप्रिलमध्ये सोलापूरच्या हॉलमध्ये प्लेट टेबलावर येईपर्यंत त्याचं दूध झालेलं असेल. चायना ग्रास वापरलंत तर तो प्रश्न येत नाही, ते उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि एकदा जमलं की खोलीच्या उष्णतेने हलत नाही. पण मी तर म्हणेन पन्ना कोटा राहू द्या, गोडाचं पुढे सांगते.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. पाच कोर्स आणि आल्या आल्या एक पेय. कलिंगडाचा ज्यूस नको, तो तासाभरात खाली पाणी वर चोथा असा फाटतो. कैरीचं पन्हं करा, एप्रिलमध्ये मंडईत कैरी ढिगाने असते, कैऱ्या उकडून गर काढून गूळ-वेलची घालून दोन दिवस आधी फ्रीजमध्ये ठेवता येतो, आयत्या वेळी फक्त गार पाणी आणि मीठ. साडेसातचं बोलावणं म्हणजे माणसं सव्वाआठला येणार, हे सोलापूर आहे, आणि तेही तुकड्या-तुकड्याने येणार, त्यामुळे पन्हं आणि पहिला कोर्स असा पाहिजे की जो येईल तो हातात घेऊन उभ्या उभ्या खाईल आणि कोणासाठी काही अडून राहणार नाही.

पहिल्या कोर्सला ब्रोकोली सूप कशाला ओ, पुण्याचे मित्र पुण्यात ब्रोकोली रोज खातात. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. ऐकायला साधं वाटतं, पण हे असं लावा की कडक भाकरीचे तळहाताच्या निम्मे तुकडे, त्यावर टांगून घट्ट केलेलं दही चमचाभर, त्यावर बारीक काकडी, वर शेंगा चटणीची चिमूट आणि कच्च्या तेलाचे दोन थेंब. तुकडे आधी लावून ठेवू नका, दह्याने मऊ पडतात, वाढायच्या पाच मिनिटं आधी लावा, किंवा सरळ सगळं मांडून ठेवा आणि ज्याचं त्याने लावून घेऊ दे, लोकांना ते आवडतं आणि तुमचे हात रिकामे राहतात. कडक भाकरी आपल्याकडे बचत गटाच्या बायकांकडे, दुकानात, कुठेही मिळते आणि आठवडाभर आधी आणली तरी काही होत नाही, पातळ थापलेली, ओलावा उडेपर्यंत भाजून वाळवलेली असते म्हणून टिकते. बाहेरून काही आणायचं नाही हा तुमचा हट्ट असेल तर भाकरीपुरता सोडा.

चटणी मात्र घरीच करा, आणि मिक्सरला नको. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर लोखंडी कढईत, घाई अजिबात नाही, मोठ्या आचेवर वरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात, अशा दाण्याला तेल सुटत नाही. एक दाणा काढून गार करून दाताखाली धरा, कट्ट असा तुटला की झालं. गार झाल्यावर सालं चोळून पाखडून टाका. मग उखळात आधी लसूण, पंधरा-वीस पाकळ्या, जिरं आणि मीठ कुटून घ्या, मग दाणे आणि तिखट, आणि कुटत राहा. सुरुवातीला भुगा होतो, मग तो भुगा मुसळाला चिकटायला लागतो, मग मुसळ उचलताना जरा जोर लागतो आणि उखळाच्या कडेला तेलाची चमक दिसते, तिथे थांबायचं. त्याच्या आधी थांबलात तर ती दाण्याच्या कुटाची चटणी, त्याच्या पुढे गेलात तर पीनट बटर. उखळ नसेल तर खलबत्त्यात थोडी थोडी करा, आणि अगदीच मिक्सर लावायचा तर एकेक सेकंद फिरवून थांबवा, पातं तापलं की लसणाला उग्र वास येतो. चटणी चार दिवस आधी झाली तरी चालते. माळकऱ्याला लसूण चालत नसेल तर लसूण घालायच्या आधी मूठभर दाणे बाजूला काढा आणि जिरं-तिखट घालून त्याची वेगळी वाटी करा, आधी ती, मग लसणाची, म्हणजे उखळ मधे धुवावं लागत नाही.

तिखट बेताने. पहिल्याच घासाला जीभ भाजली तर पुढचे चार कोर्स कोणाला काही लागत नाहीत, नुसतं पाणी पितात. पुण्याच्या लोकांचं तर विचारूच नका.

दुसरा कोर्स सुपाच्या जागी आमटी. आपल्या जिल्ह्यात करमाळ्याकडे बाजार आमटी करतात, चार-पाच डाळी एकत्र शिजवून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला आणि वर तर्री. ती जेवायला असते तशी दाट आणि जाळ नको, पातळ करा, मसाला निम्मा, आणि चहाच्या छोट्या स्टीलच्या पेल्यात अर्धा पेला द्या, बरोबर लिंबाची फोड. ही आमटी शाकाहारी, सगळ्यांना एकच, आदल्या दिवशी करून ठेवली तर उलट मुरते. आयत्या वेळी फक्त उकळी. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याला तेच डाळीचं शिजवलेलं वरण वाटण घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढून जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी द्यायची, त्याला आपल्यासाठी वेगळं काढलंय हे कळलं की तो खूश.

तिसऱ्याला तुमची एक फुली खर्च करा, इथे गरम गरम तव्यावरचं काहीतरी पाहिजेच, त्याशिवाय पार्टी वाटत नाही. चिकन टिक्का आणि ओटीजी म्हणाल तर घरच्या ओटीजीत एका वेळी आठ-दहा तुकडे बसतात, दाटी केली की पाणी सुटून ते उकडतात, भाजले जात नाहीत, सात जणांना दोन घाणे काढेपर्यंत पाऊण तास. त्यापेक्षा खिम्याचे शीक कबाब. विजापूर वेशीत रमजानच्या रात्री खाल्ले असतील तसे निखाऱ्यावर घरी होणार नाहीत, पण चपटे करून तव्यावर छान होतात. अर्धा किलो खिमा, खाटकाला सांगायचं की चरबी ठेव, पाचवा हिस्सा तरी पाहिजे, नाहीतर कोरडे ठाक होतात. कांदा किसून फडक्यात घट्ट पिळून घ्यायचा, पाणी राहिलं की तव्यावर फुटतात. खिम्यात आधी मीठ घालून हाताने चांगला पाच-सात मिनिटं मळा, तो चिकट होतो, हाताला ओढ लागते, अंडं-ब्रेड काही घालावं लागत नाही. मग आलं-लसूण, हिरवी मिरची, भाजलेलं बेसन चमचाभर, गरम मसाला. सकाळी वळून, ताटलीत तेलाचा हात लावून मांडून, झाकून फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण कच्च्या मटणाचं पाणी वरून खाली दुसऱ्या कशावर ठिबकता कामा नये.

यात एक शॉर्टकट बरेच जण मारतात तो मारू नका, दुपारी अर्धवट भाजून ठेवायचे आणि रात्री परत तव्यावर टाकायचे. खिमा अर्धवट गरम करून तसाच ठेवणं सगळ्यात वाईट, जंतू मरत नाहीत आणि कोमट जागा मिळाल्यावर वाढतात. एकतर कच्चे फ्रीजमध्ये, नाहीतर आतपर्यंत पूर्ण शिजलेले, मधलं काही नाही. आत 71 अंश व्हायला पाहिजे, थर्मामीटर नसेल तर एक मोडून बघा, गुलाबी दिसता कामा नये आणि पाणी स्वच्छ. बारा इंची तव्यावर सात-आठ बसतात, पाच मिनिटं एक बाजू, चार मिनिटं दुसरी. शाकाहारी पाच जणांना वांग्याचे जाड काप, ज्वारीचं पीठ आणि तिखट-मीठ लावून, वेगळ्या तव्यावर, वेगळं उलथनं, उलथन्याच्या दांड्याला दोरा बांधून ठेवा, गडबडीत तेच चुकतं. पनीर टिक्का सगळीकडे मिळतो हो, वांगं खाऊ दे त्यांना.

शीक झाल्यावर पंधरा मिनिटं तुम्ही बाहेर बसणार आणि तोंडाला गार काहीतरी, तुमचा सॉर्बे मला पटला, तो ठेवा, पण कशाचा ते तुम्ही लिहिलं नाही. द्राक्षांचा करा. आपल्याकडे नान्नजची द्राक्षं एप्रिलच्या सुरुवातीला हाताशी असतात, काळी घ्या, रंग चांगला येतो. दीड किलो धुऊन मिक्सरला फिरवा आणि गाळा, लिंबू आणि चिमूटभर मीठ, साखर बहुतेक लागतच नाही. पसरट स्टीलच्या डब्यात फ्रीजरला ठेवून अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने कडेकडेने खरवडायचं, असं चार-पाच वेळा, मग त्याचा भुरभुरीत बर्फ होतो. मशीन लागत नाही. गुळगुळीत होणार नाही, खडबडीतच होतो, तो तसाच चांगला लागतो. दोन दिवस आधी करून झाकून ठेवा आणि वाट्याही फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर हॉलमध्ये नेईपर्यंत सरबत. याला मी कोर्समध्ये धरत नाही, दोन चमचे द्यायचा आणि पुढे जायचं.

आता मुख्य जेवण, आणि इथे तुम्ही दोन मोठे पदार्थ घेतलेत, रस्सा-भाकरी आणि बिर्याणी. एक निवडा. भाकरी मला जास्त आवडते पण बारा जणांना गरम भाकरी देणं म्हणजे पाऊण तास काथवटीपाशी बसणं, मावशी लावल्याशिवाय होत नाही, आणि मावशी आत भाकऱ्या बडवतायत आणि तुम्ही म्हणताय सगळं मी केलं, ते काही खरं नाही. बिर्याणी घ्या, कारण बिर्याणी थांबते. दम लावून झाकण कणकेने बंद केलं आणि खाली उतरवून जाड सोलापुरी चादरीत गुंडाळलं की पाऊण तास गरम राहते, तुमचे मित्र गप्पा मारत बसले तरी काही बिघडत नाही, आणि झाकण टेबलावर सगळ्यांसमोर फोडता येतं. प्लेट सजवायची हौस तिथे भागते.

सात जणांना एक किलो मटण आणि अर्धा किलो तांदूळ भरपूर झालं, आधी तीन कोर्स झालेत हे विसरू नका, एरवी मी याच्या दीडपट धरते. खांद्याचं आणि मांडीचं मिक्स, हाडासकट. मटण शुक्रवारी रात्रीच पूर्ण शिजवून घ्या, दही, आलं-लसूण, तळलेला कांदा, मसाला घालून, रस जरा अंगाबरोबर ठेवून. शिजवलेल्या मटणाचं पातेलं तसंच ओट्यावर रात्रभर ठेवायची आपल्या घरात सवय असते, ती एप्रिलमध्ये नको. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितकं धोक्याचं, एरवी दोन तास म्हणतात पण बाहेर 32 च्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे तेव्हा रात्री अकरालाही किचनमध्ये तेवढं असतं. म्हणून दोन पसरट भांड्यांत काढा, परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात ती भांडी ठेवा, अधूनमधून ढवळा, कोमटही राहिलं नाही की फ्रीज. सकाळी वर चरबी थिजलेली दिसेल, ती निम्मी काढा, ती शीक भाजायला वापरा.

शनिवारी संध्याकाळी आठला, म्हणजे माणसं येण्याआधी, बिर्याणी लावून ठेवायची. मटण उकळी फुटेपर्यंत गरम करा. तांदूळ अर्धा तास भिजवलेला, भरपूर पाण्यात, पाणी चाखून बघा, आमटीपेक्षा खारट पाहिजे. शितं बोटात दाबली की दोन-तीन तुकडे होतात आणि मधे पांढरा कण दिसतो, तेव्हा निथळा, अजून एक मिनिट म्हणून थांबलात की गेलं. खाली मटण, वर भात, तळलेला कांदा, पुदिना, केशराचं दूध, तूप. झाकण लावून कणीक. मग गॅस बंद, म्हणजे अजून दम दिलेला नाही, नुसता थर लावून ठेवलाय, आणि हे जास्तीत जास्त अर्धा-पाऊण तास, त्याच्यापुढे नाही. आमटी वाढायला घेतली की शेगडीवर चढवा, पाच मिनिटं मोठ्या आचेवर, मग खाली जाड तवा सारून पंचवीस मिनिटं मंद. हो, म्हणजे शीक आणि वांग्याच्या वेळी बिर्याणीने एक बर्नर अडवलेला, तर शीक शेगडीच्या दुसऱ्या बर्नरवर आणि वांगं इंडक्शनवर, इंडक्शनला चालणारा तवा आहे ना ते आजच बघून ठेवा. शाकाहारी बिर्याणी वेगळ्या छोट्या कुकरमध्ये, ती आधी करून शिट्टी काढून चादरीत गुंडाळून ठेवली तरी चालते. बरोबर काकडीची कोशिंबीर, दही, झालं. प्रत्येकाच्या प्लेटमध्ये हॉटेलसारखा डोंगर करून वाढू नका, पातेलं मधे ठेवा आणि घेऊ दे.

गोडाला हुग्गी. आपली खपली गव्हाची खीर, सीमेवरच्या घरांत लग्नाकार्याला असते ती, आणि पुण्याच्या मित्रांनी बहुतेक खाल्लेली नसते. एक वाटी सडलेला खपली गहू रात्रभर भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या, दाणा बोटाने चिरडला पाहिजे पण आकार राहिला पाहिजे. मग डावाने निम्मे दाणे घोटून घ्या, सव्वा वाटी गूळ, बडीशेप, सुंठ, जायफळ, भाजलेली खसखस, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तुपात तळून. दूध आत्ता घालायचं नाही. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की फाटतं, म्हणून गार झालेली घट्ट खीर फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढताना वरून गार दूध आणि पातळ तूप. उन्हाळ्यात गारच द्या, चांगली लागते. बारा जणांना छोट्या वाट्या भरून पुरते, वर कोणी दुसऱ्यांदा मागेल तेवढीही.

आणि केक. आपल्याकडे माणसं आली की पहिल्यांदा केक कापतात, मग तो तोंडाला फासतात, मग क्रीमने पोट भरलेली माणसं तुमची दोन दिवसांची मेहनत चिवडत बसतात. केक शेवटी, हुग्गीच्या बरोबर, छोटा, आणि वर व्हिप क्रीमचे मजले नकोत, अर्ध्या तासात घसरतात. साधा चॉकलेट केक, वर पातळ गनाश म्हणजे चॉकलेट-क्रीमचा थर, ओटीजीत शुक्रवारी दुपारी भाजून टाका. लाव्हा केक विसरा, तो दहा-बारा मिनिटांच्या पलीकडे एक मिनिट गेला की लाव्हा संपला.

ओटीजी आणि इंडक्शन याबद्दल अजून एक. इंडक्शन 2000 वॉट, ओटीजी 1500 च्या आसपास, दोन्ही एका 16 अँपिअरच्या लाइनवर लावले की जवळपास सगळा लोड संपला, त्यात कोणी मिक्सर लावला की एमसीबी, म्हणजे मीटरजवळचं लोड वाढला की आपोआप बंद होणारं बटण, पडणार. आणि साधा 6 अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड जास्तीत जास्त 1380 वॉट झेपवतो, इंडक्शन त्यावर लावू नका, वायर वितळते. शनिवारी ओटीजी लावायचाच नाही असं मी वर ठरवलंय ते त्यासाठीच. गॅसची भरलेली दुसरी टाकी घरात पाहिजे, आणि लाइट गेली तर इंडक्शन गेलं, तेव्हा वांग्याचं काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, मी म्हणेन शीक संपल्यावर त्याच बर्नरवर, तवा मात्र दुसरा.

कामाची वाटणी अशी होते की मंगळवार-बुधवारी चटणी, गुरुवारी कैरीचा गर, द्राक्षांचा बर्फ, मसाले भाजणं, भांडी मोजणं, शुक्रवारी मटण, आमटी, केक, रात्री गहू भिजत. शुक्रवार जड आहे, ऑफिस असेल तर निम्मा दिवस सुट्टी घ्या. शनिवारी सकाळी सातला खिमा आणायला जा, पिशवीत बर्फाची पुडी घेऊन, उशीर केलात तर ऊन आणि माशा दोन्ही. मग शीक वळणं, खीर शिजवणं, दही टांगणं, कोशिंबिरीची काकडी चिरणं. तीन वाजता किचन बंद, ओटा पुसायचा, आंघोळ, झोप. हा झोपेचा तास कोणी पाळत नाही आणि मग रात्री यजमानाचा चेहरा बघवत नाही.

भांड्यांना मात्र एक मावशी तीन तासांसाठी ठेवा, आठ ते अकरा, ठरलेल्यापेक्षा शंभर-दोनशे जास्त द्या आणि त्यांचं जेवणाचं ताट आधी वाढून बाजूला ठेवा, उरलंसुरलं नको. स्वयंपाक तुमचाच राहिला, कोणी काही म्हणणार नाही. पेले 24, वाट्या 24, प्लेटा 24, एवढ्यात माझा मेनू भागतो, एक सेट टेबलावर आणि एक सेट मावशींकडे. शेजाऱ्यांकडून आणा, मॅचिंग नसल्या तरी चालतं.

दोन कोर्सच्या मधे पंधरा-वीस मिनिटं, त्यातली निदान दहा तुम्ही बसलेले पाहिजेत, वहिनींच्या शेजारी. सव्वाआठला पन्हं आणि भाकरी, पावणेनऊला आमटी, नऊ-सव्वानऊला शीक, साडेनऊला बर्फ, पावणेदहाला बिर्याणीचं झाकण, साडेदहाला गोड. याच्यापेक्षा उशीर झाला की लहान मुलं झोपायला लागतात आणि ज्यांना अकलूज-पंढरपूरला परत जायचंय ते घड्याळ बघायला लागतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की वर शोभेला मायक्रोग्रीन्स (भाज्यांची इवली कोवळी रोपं) सोलापुरात कुठे मिळतील. कोथिंबीर टाका ओ. बिर्याणी उरली तर रात्रीच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, शिजलेला भात उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिला की सकाळी गरम करूनही पोट बिघडतं, त्यातल्या जंतूचं विष गरम करून जात नाही. केक उरला तर जाणाऱ्यांना बांधून द्या. तवा कुठला घेताय आणि शनिवारी मटण कोण कोण खातंय ते कळवा, मग मापं परत एकदा बघून सांगते.